मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात ऑफ-रोड ट्रेलसाठी ग्रँट, 'मॅच'चा (म्हणजे संस्थेने स्वतः घालायच्या वाट्याचा) हिशोब कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत सरकारी ग्रँटचं काम केलेलं कुणी आहे का? पार्क्सचं, फॉरेस्टचं, नॉन-प्रॉफिटचं, कुठलंही चालेल.

मी सॅक्रामेंटोजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी मुलाला डर्ट बाईक घेऊन दिली, तेव्हापासून आम्ही बापलेक बरेचसे शनिवार सिएराच्या पायथ्याच्या जंगलातच असतो, आणि तिथल्याच रायडर लोकांच्या एका छोट्या नॉन-प्रॉफिटमध्ये मी व्हॉलंटिअर म्हणून जातो. एक्सेल बरं येतं म्हणून यंदाचा ग्रँटचा अर्ज माझ्याकडे आलाय.

अडचण अशी की आमच्या एका ट्रेलचा दीडेक मैलाचा तुकडा गेल्या दोन हिवाळ्यांत पार वाहून गेलाय. उतारावर पाणी बाजूला काढायला मातीचे उंचवटे होते, ते चाकांनी झिजून सपाट झाले, मग पाणी ट्रेलवरूनच खाली धावायला लागलं आणि आता मधोमध गुडघाभर घळ पडलीय. गेल्या महिन्यात मुलगा तिथेच चाक अडकून पडला, खरचटण्यावर निभावलं. पण मला त्याहून जास्त लागतं ते खालच्या ओढ्याचं, सगळी माती तिथे जाते, पहिल्या पावसानंतर पाणी चहासारखं दिसतं. गावी आमचे आजोबा मृगाच्या आधी बांधाला सांडवा काढून द्यायचे, इथेही तेच करायचंय, पण हाताने होण्यातलं राहिलं नाही, छोटा डोझर आणि चालवणारा माणूस लागणार, म्हणजे पैसे.

स्टेट पार्क्सच्या (राज्याच्या उद्यान खात्याच्या) ऑफ-हायवे व्हेइकल विभागाची दरवर्षी ग्रँट निघते. हा कार्यक्रम १९७१ च्या कायद्यापासूनचा आहे. पैसा येतो तो ऑफ-रोड जाळल्या जाणाऱ्या पेट्रोलवरच्या कराचा, आपण बाईकला नोंदणीचा ग्रीन स्टिकर लावतो त्या फीचा, आणि स्टेटच्या रायडिंग पार्कांच्या गेटवरचा, म्हणजे आपल्याच खिशातला. वाटणी कायद्यानेच ठरलेली: ५० टक्के ऑपरेशन अँड मेंटेनन्स, २५ रिस्टोरेशन, २० लॉ एन्फोर्समेंट, ५ एज्युकेशन अँड सेफ्टी.

आता प्रश्न.

आमचं काम रिस्टोरेशनमध्ये बसेल का? तिथे मॅच १० टक्केच आहे, मेंटेनन्सला २५, त्यामुळे आमच्या कमिटीचा कल रिस्टोरेशनकडे आहे.

मॅच म्हणून व्हॉलंटिअरचे तास धरता येतात ना? आमचं बजेट ४०,००० डॉलरचं आहे, आम्ही ३२,००० मागून त्याच्या २५ टक्के म्हणून ८,००० चे तास दाखवले, बरोबर आहे का?

आणि पैसे आधी खर्च करून मग परत मिळतात म्हणे. आमच्या खात्यात जेमतेम सहा हजार आहेत, डोझरवाल्याला काय सांगू? कुणी केलं असेल तर प्लीज लिहा, प्राथमिक अर्ज मार्चच्या सुरुवातीला द्यायचाय.

---

प्रतिसाद, पाऊलवाट:

मी एका काउंटीत याच प्रकारच्या अर्जांवर सात वर्षं काम केलंय. रिस्टोरेशन डोक्यातून काढा. ती जागा बंद करून जमीन पूर्ववत करण्यासाठी असते, तुम्हाला ट्रेल चालू ठेवायचाय, म्हणजे ऑपरेशन अँड मेंटेनन्सच.

मॅचमध्ये तुमची चूक होतेय. २५ टक्के मागितलेल्या रकमेचे नाही, एकूण खर्चाचे. ४०,००० च्या कामाला मॅच १०,०००, ग्रँट ३०,०००. तासाला समजा ३० डॉलर धरले तर ३३३ च्या वर तास लागतील, आणि तेही करार सुरू झाल्यावरचेच, गेल्या वर्षी राबलात ते यात येत नाहीत. प्रत्येक कामाच्या दिवशी नाव, आल्या-गेल्याची वेळ, काय काम केलं आणि सही असा कागद ठेवा. 'शनिवारी वीस जण आले' असं नंतर लिहिलेलं ऑडिटला टिकत नाही.

डोझरचं म्हणाल तर जंगलातली जमीन फॉरेस्ट सर्व्हिसची (केंद्र सरकारच्या वनखात्याची) असणार, त्यांच्याशी लेखी करार नसेल तर नॉन-प्रॉफिटचा अर्ज पुढे सरकणारच नाही, त्यामुळे आधी रेंजरला भेटा. फॉरेस्ट सर्व्हिस स्वतःही अर्ज करू शकते. त्यांच्या अर्जात तुमचा ट्रेल आणि तुमचे तास घातले तर रोख रकमेचं ओझं तुमच्यावर येत नाही. छोट्या संस्थेला मी हाच रस्ता सांगेन. जमीन हलवायची म्हणजे मातीच्या धुपीचा आराखडा आणि पर्यावरणाची कागदपत्रंही लागतात, ती त्यांच्याकडे बरीचशी तयार असतात.

प्राथमिक अर्ज दिल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत अर्ज लोकांच्या अभिप्रायाला खुले असतात, तेव्हा तुमच्या रायडर्सना आणि ओढ्याकाठच्या लोकांनाही लिहायला सांगा.

---

धागाकर्ता:

पाऊलवाट, मनापासून आभार. मॅचचं गणित आज रात्रीच दुरुस्त करतो, आणि रेंजर ऑफिसला सोमवारी सकाळी फोन लावतो. घळीत मोजपट्टी धरून काढलेले फोटो आहेत, दर पन्नास फुटांवर एक, आणि ओढ्याचे पावसाआधीचे-नंतरचे. ते बरोबर घेऊन जाऊ की आधी मेलने पाठवू?