फंक्शनल फूडला टॉक्सिसिटी टेस्ट लागते का? शेवटी खायचीच वस्तू ना ती?

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. फूड टेक्नॉलॉजीत एमएस्सी चालू आहे. प्रोजेक्टसाठी एका पानाचा अर्क घालून फंक्शनल फूड, म्हणजे पोटभरीपलीकडे आरोग्याला फायदा सांगणारं बिस्किट करतोय, अँटिऑक्सिडंटचा दावा करायचाय. पान खाण्यातलंच आहे, लोकं पूर्वापार शिजवून खातात. प्रपोजलच्या वेळी एका सरांनी विचारलं की सेफ्टी डेटा कुठाय, तर माझे गाईड म्हणाले अहो खाद्यपदार्थ आहे, औषध थोडंच आहे, आणि मग दोघांची अशी जुंपली की माझ्या उरलेल्या स्लाइड कोणी बघितल्याच नाहीत. उंदरांवर टेस्ट म्हणजे एथिक्स कमिटी, पैसे, वेळ सगळंच आलं. खरंच गरज असते का या सगळ्याची?

भाकरतुकडा
तुमच्या गाईडशी सहमत. पिढ्यानपिढ्या माणसं खातायत हीच सगळ्यात मोठी टेस्ट, तीही उंदरांवर नाही, माणसांवरच. अशाने उद्या बटाट्यालाही टेस्ट लावाल.

सूक्ष्मदर्शी
भाकरतुकडा, उदाहरण नेमकं बटाट्याचं द्यायचं होतं का हो 😄 हिरव्या पडलेल्या, कोंब आलेल्या बटाट्यात सोलानिन नावाचं विष वाढतं. तो आज नव्याने बाजारात आणायचा म्हटला असता तर फाइल बरीच वर्षं टेबलावर पडून राहिली असती.

बाकी प्रयोगवही, पान खातात हे ठीक आहे, पण तुम्ही पान घालताय का? तुम्ही अर्क घालताय. मग प्रश्न वेगळे होतात. कशात काढला, किती पट घट्ट केला, रोज किती पोटात जाणार आणि कोणाच्या. ग्रीन टीचंच बघा. पिणाऱ्यांच्या पोटात चहातून साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य अँटिऑक्सिडंट) रोज जातं आणि तेवढ्याने काही होत नाही, पण तेच अर्काच्या कॅप्सूलमधून ८०० च्या वर गेलं की काही जणांची लिव्हर एन्झाइम्स वाढलेली दिसली, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. पदार्थ तोच, पण दिवसभरात थोडं थोडं जाणं वेगळं आणि उपाशीपोटी एकदम जाणं वेगळं.

आणि बीटा कॅरोटीन विसरू नका. गाजरातलं, भोपळ्यातलं, म्हणजे याहून निरुपद्रवी काय असणार? फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली, बीटा कॅरोटीनवाल्यांना रोज २० मिग्रॅ, अपेक्षा होती की कॅन्सर कमी होईल. १९९४ ला निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे २८ टक्के जास्त. ज्यांचं भलं करायला निघाले त्यांचंच नुकसान झालं.

भाकरतुकडा
बरं, हे मान्य. पण मग तुमच्याच उदाहरणावर विचारतो. बीटा कॅरोटीन उंदरांवर तपासलं असतं तर हे कळलं असतं का? माझ्या वाचनात आहे की उंदीर आतड्यातच त्याचं बरंचसं व्हिटॅमिन ए करून टाकतात, आपल्यासारखं ते रक्तात तसंच फिरत नाही. शिवाय उंदीर काही सिगरेट ओढत नाहीत. मग लाखो रुपये खर्चून काय मिळवलं?

सूक्ष्मदर्शी
हा मुद्दा बरोबर आहे, उंदरांकडून सगळं कळतं असं कोणी म्हणूही नये. पण "सगळं कळत नाही" म्हणून "काहीच बघू नका" हे कुठलं लॉजिक?

गोळीघर
फार्मसीत काम करते, माझ्या बाजूने थोडं. मला टॉक्सिसिटीपेक्षा जास्त धास्ती असते ती आधीच औषधं चालू असलेल्या लोकांची, कारण असले पदार्थ घेणारे बहुतेक तेच असतात, कोणाला बीपी, कोणाला कोलेस्टेरॉल. रेड यीस्ट राइस घ्या, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रसायन म्हणून लोवास्टॅटिनच, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध. डॉक्टरांचं स्टॅटिन चालू आणि वर हे "नैसर्गिक", म्हणजे डबल डोस, आणि मग स्टॅटिनच्या साइड इफेक्टने स्नायू, पाय दुखतात म्हणून पेनकिलर मागायला येतात. विचारल्याशिवाय सांगतही नाहीत, त्यांच्या लेखी ते औषध नसतंच ना. युरोपात आता रोजचं प्रमाण ३ मिग्रॅच्या आत ठेवायचा नियम आहे. ज्येष्ठमधाचंही तसंच, सतत जास्त घेतलं की पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं.

दुसरी गोष्ट, घटक सुरक्षित असला तरी बॅच सुरक्षित असेलच असं नाही. २०२४ ला जपानमध्ये याच रेड यीस्ट राइसच्या गोळ्यांनी लोकांच्या किडन्या बिघडल्या, तिथे कारखान्यात शिरलेल्या निळ्या बुरशीचं प्युबेरुलिक ॲसिड सापडलं. गोळ्या तिथल्या फंक्शनल दाव्याच्या यादीत रीतसर नोंदवलेल्या होत्या. एकदा टेस्ट केली, फाइल बंद, असं चालत नाही.

प्रयोगवही
सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय पण कळतंय. अर्क ७०% इथेनॉलमध्ये काढलाय. म्हणजे "लोकं पूर्वापार खातात" हे मला वापरताच येणार नाही का? आणि टेस्ट केलीच तर उंदरांना बिस्किट द्यायचं की अर्क?

सूक्ष्मदर्शी
शिजवलेल्या पानाचा इतिहास शिजवलेल्या पानापुरता. पाण्यात न उतरणारं बरंच काही इथेनॉलमध्ये उतरतं. युरोपात तर तारीखच ठरलेली आहे, १५ मे १९९७ च्या आधी तिथे लक्षणीय प्रमाणात खाल्लं जात नव्हतं ते नॉव्हेल फूड, म्हणजे नवा खाद्यपदार्थ, आणि भाजी जुनी असली तरी तिचा अर्क नवा ठरू शकतो.

टेस्ट अर्काची. बिस्किटाचा शंभरपट डोस द्यायचा म्हणजे उंदराला दुसरं काही खायला जागाच उरणार नाही, मग जे बिघडेल ते अर्काने की कुपोषणाने, कसं कळणार? उंदरांवरची ९० दिवसांची टेस्ट असते, ओईसीडी ४०८ नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची. समजा तीत ५०० मिग्रॅ प्रति किलोपर्यंत काही वाईट दिसलं नाही. त्याला १०० ने भागायचं, दहापट उंदीर ते माणूस आणि दहापट माणसामाणसातला फरक. आले किलोमागे ५ मिग्रॅ. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिग्रॅ. तुमच्या एका बिस्किटात १०० मिग्रॅ अर्क असेल तर झाली तीन बिस्किटं. आता सांगा, पुडा फोडल्यावर तिनावर कोण थांबतं? आणि घरातलं १५ किलोचं पोर? त्याला एकही जास्तच. कॅप्सूलवर "दिवसातून एक" लिहिता येतं, बिस्किटाचं तसं नाही, म्हणून मला तर खाण्याच्या पदार्थात जास्त काळजी घ्यावीशी वाटते.

एमएस्सीत ९० दिवसांची टेस्ट कोणी मागणार नाही. आधी जुने पेपर चाळा, मग अर्कात नक्की काय काय आहे ते काढा, उरलेलं सॉल्व्हंट, जड धातू, कीटकनाशकं बघा, जमलं तर एम्स टेस्ट, म्हणजे पदार्थाने डीएनएत बदल होतात का ते बघणारी, तिला उंदीर लागत नाहीत, बॅक्टेरियावर होते. आणि दावा "अँटिऑक्सिडंट क्षमता प्रयोगशाळेत मोजली" एवढाच ठेवा.

गोळीघर
एक राहिलंच. चव बघायला पॅनेल लावणार असाल ना, वर्गातल्यांचंच? त्यांना अर्काचं आधी सांगा, लेखी संमती घ्या, आणि कोणाला काय औषधं चालू आहेत, कोणी प्रेग्नंट आहे का तेही विचारा. माणसांना द्यायचंय म्हणजे एथिक्स कमिटी इथेही लागेल, उंदीर नसले तरी.

प्रयोगवही
बापरे. पॅनेल पुढच्या आठवड्यात आहे, आणि आम्ही फक्त पाण्याच्या बाटल्या आणि फॉर्मच्या झेरॉक्स एवढीच तयारी केलीये. पुढे ढकलतो. गाईडना कसं सांगायचं ते बघतो.

भाकरतुकडा
त्या दुसऱ्या सरांना सांगू द्या, ते आनंदाने सांगतील.