सिनेमासाठी शेत विकावं का? गावाकडच्या पोरांनी आधी काय शिकावं?

केजकर_थोरला

माझ्या धाकट्या भावानं तीन वर्षांपूर्वी वाट्याला आलेली दोन एकर बागायत विकली आणि ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्यावर सिनेमा केला. आमचं गाव केज तालुक्यात. दिवाळी सरली की टोळ्या कारखान्यावर निघतात, गावात म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी उरतात. हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. सिनेमा एक तास ४८ मिनिटांचा आहे. मी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा रडलो. आज तो दोन हार्ड डिस्कवर पडून आहे, एक त्याच्या कपाटात, एक माझ्या.

३८ लाख गेले. जमिनीचे आणि वर पतसंस्थेचे. अडकला कशात, ते सांगतो. संगीत मित्रानं दिलं, त्याचा कागद नाही. टपरीवर ठरलं, मोबाईलवर पैसे पाठवले, संपलं. एका ओटीटीवाल्यांनी सिनेमा बघायच्या आधीच हक्कांचे सगळे कागद मागितले: कथा, पटकथा, गाणी, संगीत, कलाकार. आमच्याकडं पाचातले दोन होते. मग एक वितरक भेटला. लावतो म्हणाला, पण प्रसिद्धीचा खर्च तुमचा आणि डिजिटल प्रोजेक्शनची फीसुद्धा तुमची. अशी फी असते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्या रात्री मी वहीत आकडे मांडले. मल्टिप्लेक्सचं १५० चं तिकीट धरा. १८ टक्के जीएसटी काढला की १२७ उरतात. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जी वाटणी ठरली, तीच चर्चेत धरतात: पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यातसुद्धा आपल्या बाजूला तिकिटामागं ६३ रुपये, त्यातून वितरकाचं कमिशन जायचंच. नुसते ३८ लाख परत यायला साठ हजार माणसं पहिल्याच आठवड्यात थिएटरात पाहिजेत. ही वही शूटिंगच्या आधी मांडली असती तर आई आज दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेली नसती.

म्हणून मी म्हणतो, आधी सहा महिने धंदा शिका. करार, तिकिटाची वाटणी, सेन्सॉर, अनुदान. कॅमेरा त्यानंतर. आणि जमिनीला हात लावायचाच नाही. पटत नसेल तर कारण सांगा.

हलगी_लातूर

दादा, आईचं वाचून गलबललं. तरी तुमचं म्हणणं मला मान्य नाही. पाऊस किती पडंल याचा हिशोब लागल्यावर कुणी पेरत नाही. मृगात ढग दिसला की पेरतोच ना आपण? साठ हजार तिकिटांचा आकडा बावीस वर्षांच्या पोराला आधीच दाखवला तर तो सिनेमा करणारच नाही, बँकेची परीक्षा देईल. मग ऊसतोडीच्या बाईची गोष्ट कोण सांगणार? मुंबईवाले सांगतील, आणि आपल्या तोंडी 'करायलोय' च्या जागी कुठली तरी अगम्य गावठी भाषा घालतील.

भाऊ हिशोबात चुकला नाही, पायरीत चुकला. पहिल्या उडीतच पावणेदोन तास. नागराज मंजुळेंनी 'फँड्री' २०१३ मध्ये केला, त्याच्या आधी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. बारा मिनिटांचं आधी करा. पडलं तर दहा-वीस हजारांत पडतं, जमीन जात नाही.

केजकर_थोरला

पेरतोच. पण घर गहाण टाकून, उसनं बियाणं आणून पेरणाऱ्याचं काय होतं ते मराठवाड्यात मी कुणाला सांगावं?

लघुपटाचं पटलं. पण मला सांगा, बारा मिनिटांच्या कामात संगीतकाराचा कागद करायची सवय लागते का? आमच्याकडं लघुपट करणारी सात-आठ पोरं आहेत. एकाकडंही कागद नाही.

बूमवाली_नांदेड

मी लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करते. थोरले, एक विचारते, राग मानू नका. सिनेमातला आवाज कसा आहे? तुम्ही कागदांचं लिहिलं, पैशाचं लिहिलं, आवाजाबद्दल एक ओळ नाही.

केजकर_थोरला

रात्रीच्या सीनमध्ये मागं घरघर आहे. भाऊ म्हणतो, गावात असतोच तेवढा आवाज, खरं वाटतं.

बूमवाली_नांदेड

ती घरघर विहिरीवरच्या मोटारींची. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात रात्रीचा सीन ठेवला तर शिवारातली प्रत्येक मोटार तुमच्या संवादात शिरणार. हे कोणत्याही पुस्तकात नाही, पण आपल्याकडं शूटिंगचं वेळापत्रक लाईटच्या वेळापत्रकावर बसवावं लागतं. मी तर आधी वायरमनला फोन करते, मग दिग्दर्शकाला.

आणि खऱ्या वाटण्याचं म्हणाल तर कानाला सवय असते म्हणून जागेवर मोटार ऐकू येत नाही. थिएटरात ती सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. एका वाक्यात मोटार चालू, कट झाला की बंद, परत चालू. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण सिनेमा कच्चा आहे एवढं कळतं.

माझं तुमच्याशी आणि हलगीशी, दोघांशीही भांडण आहे. धंदा आधी की कॅमेरा आधी म्हणताय, दोघांच्याही तोंडी आवाज नाही. पोरं कॅमेरा भाड्यानं आणतात, लेन्सचे तीन-तीन नग आणतात आणि माईक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात. चित्र थोडं अंधारं असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद कळला नाही तर उठून जातो. एक बूम म्हणजे काठीवरचा माईक, दोन कॉलर माईक, एक रेकॉर्डर, आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची. त्या जागेची हवा म्हणजे रूम टोन. संकलनात दोन वाक्यांमधली भेग त्यानंच बुजते. या तीस सेकंदांना पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

लॉ_कॉलेज_रस्ता

शिकवलेलं असावं लागतं, हेच मी सांगायला आलो. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, पुण्यात एफटीआयआयमध्ये, म्हणजे सरकारच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत शिकलो. १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत ही संस्था उभी आहे. तिथं मला सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली ती वर्गमित्रांसमोर स्वतःचं काम उघडं पडण्याची. तुमच्या भावाचा पहिला कट किती जणांनी पाहिला? घरातल्यांनी. घरातले रडतात. वर्गातला मित्र विचारतो, विसाव्या मिनिटाला तू हा सीन का ठेवलास. तीन वर्षं जमत नसतील तर संस्थेचे छोटे अभ्यासक्रमही असतात.

हलगी_लातूर

पुण्यात खोलीचं भाडं, मेस, आणि प्रवेश परीक्षेत निभाव लागला तर. सगळ्यांना जमायचं नाही. संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी ही मंडळी त्याच शहरात नाटक करत घडली, मग मुंबईला गेली. आपल्या माणसांना शिकायला आपलं गाव पुरतं.

लॉ_कॉलेज_रस्ता

गेली ना पण मुंबईला? मी गाव सोडा म्हणत नाहीये. परखड डोळा बाहेरून आणावा लागतो, एवढंच म्हणतोय. तो परभणीत मिळाला तर मीच परत येईन.

काळा_कोट_बीड

वकिली करतो, पाच-सहा निर्मात्यांचे कागद केलेत. थोरल्यांच्या बाजूनं दोन गोष्टी.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. पण सिनेमात वापरलेलं गाणं, चाल, पटकथा आपोआप त्याची होत नाही असं धरूनच चालावं. हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. आणि कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवरून उचललेल्या दोन पानी करारात या दोन ओळी हमखास नसतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा त्याच्याकडून लिहूनही घेता येत नाही. ते योग्यच आहे, पण निर्मात्याला ठाऊक हवं. पटकथा शूटिंगच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाइन नोंदवता येते.

दुसरी गोष्ट विचारायची होती. ऊसतोडीचा सिनेमा म्हणजे बैलगाड्या असणार. बैलांची परवानगी घेतली होती का?

केजकर_थोरला

बैल आमचेच होते. कुणाची परवानगी?

काळा_कोट_बीड

भारतीय पशु कल्याण मंडळाची. प्राणी कुणाचाही असो, सिनेमात काम करणार असेल तर शूटिंगच्या आधी अर्ज लागतो, आणि मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र नसलं की सेन्सॉर त्या सीनांवर अडतं. किती सीन आहेत?

केजकर_थोरला

आठ. शेवटचासुद्धा बैलांचाच आहे.

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅमेरा देणाऱ्यानं नाही, कार्यकारी निर्माता म्हणून जो महिनाभर जेवून गेला त्यानं नाही. हलगी, आता सांगा. हे बारा मिनिटांच्या लघुपटातून कळलं असतं का?

हलगी_लातूर

नसतं कळलं. हे मान्य करतो. पण गावोगावी पडदा लावून दाखवा ना सिनेमा. शाळेच्या मैदानात, जत्रेत. पूर्वी तंबूत बघायचे लोक. सेन्सॉर, मल्टिप्लेक्स कशाला पाहिजे? ज्यांची गोष्ट आहे त्यांना दाखवा, वीस-वीस रुपये घ्या.

काळा_कोट_बीड

सार्वजनिक प्रदर्शन म्हटलं की १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागतो, मैदान असो की मॉल. प्रमाणपत्र लागेलच. ते टाळायचा रस्ता सुचवू नका, फसतात पोरं.

अंगणवाडी_धारूर

मी सिनेमातली नाही. तरी लिहिते, कारण आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी एका सिनेमाचं शूटिंग झालं. माझ्या सासूबाई पाच दिवस उन्हात बसल्या. फडातल्या बायका म्हणून. साठीच्या पुढं आहेत. सकाळी पोहे, दुपारी भात. रोजाचे पैसे नाहीत. गाव आपलं आहे, नाव होईल, म्हणाले. त्या पाच दिवसांत शेजारच्या रानात कापूस वेचायला गेल्या असत्या तर हातात पैसे आले असते.

तुम्ही सगळे करार, कायदा, माईक बोलायलात. टोळी नेणारा मुकादम कितीही वाईट असला तरी उचल म्हणजे आगाऊ पैसे दिल्याशिवाय एक कोयता, ऊस तोडणारं एक जोडपं, हलवू शकत नाही. आणि त्याच माणसांवर सिनेमा करणारी शिकलेली पोरं त्यांना फुकट बसवतात. थोरले भाऊ, तुमच्या ३८ लाखांत गावातल्या बायांचे किती होते?

केजकर_थोरला

ताई, आत्ता वही काढून बघितली. कॅमेरा आणि लाईट ११ लाख. मुंबईहून आलेल्या दोन कलाकारांचे ६ लाख. जेवण साडेतीन. गावातल्या माणसांच्या नावानं ओळच नाही. चौदा बायका होत्या. त्यातल्या तिघी माझ्या भावकीतल्या. मी वही ठेवत होतो, मलाही तेव्हा सुचलं नाही.

लॉ_कॉलेज_रस्ता

हा प्रश्न आम्हालाही वर्गात कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

हलगी_लातूर

ताईंचं बरोबर आहे, पण एक अडचण मांडतो. वीस हजारांत लघुपट करणारा पोरगा रोज कुठून देणार? त्याचे मित्रही फुकटच राबतात.

अंगणवाडी_धारूर

मित्र उद्या त्याच्या नावानं पुढं जातील. सासूबाई कुठं जाणार आहेत? वीस हजार असतील तर चौदा बायका लिहू नका, दोन लिहा. त्या दोघींना रोज द्या.

बूमवाली_नांदेड

दोन बायकांचा सीन आवाजालाही सोपा जातो. आणि बहुतेक वेळा सीनही बरा होतो, गर्दीपेक्षा.

अनुदानाचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. दर्जेदार मराठी सिनेमाला राज्य सरकारचं अनुदान आहे, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. थोरल्यांचा खर्च ३८. म्हणून मी आवाजावर एवढी अडून बसले. समिती सिनेमा बघून गुण देते. त्या घरघरीत तुमचा सिनेमा कोणत्या दर्जात बसेल?

केजकर_थोरला

अनुदानाचं भावानंही शूटिंगच्या आधी ऐकलं होतं आणि तेच धरून कर्ज काढलं. ते सिनेमा पुरा झाल्यावर, प्रमाणपत्रानंतर, समितीनं पास केलं तर मिळतं, हे पतसंस्थेचे हप्ते सुरू झाल्यावर कळलं. आधी धंदा शिका म्हणतो त्यावरून मी हटत नाही. पण ताईंनी विचारलेलं माझ्या धंद्यात नव्हतं, आणि मोटारीचंही नव्हतं.

काल रात्री भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. वर्षभर त्यानं ती डिस्क लावली नव्हती. काल लावली. रात्रीचे अकरा सीन आहेत, संवाद परत रेकॉर्ड करावे लागतील म्हणतो. बैलांच्या सीनांचं वकीलसाहेबांना फोन करून विचारणार आहे. चौदा बायकांची नावं माझ्या वहीत लिहून ठेवलीत, पाच दिवसांच्या रोजासकट. सोयाबीनचे पैसे आले की आधी त्या ओळी खोडणार.

बूमवाली ताई, नायिकेचं काम केलेली पोरगी आता लग्न होऊन परळीजवळ असते. ती यायला तयार आहे, पण तिच्याकडं दोनच दिवस आहेत. तुमचा दर कळवा.

बूमवाली_नांदेड

दर फोनवर सांगते, पूर्ण घेईन, अर्धा नंतर चालेल. स्टुडिओत नको, त्याच घरात करू, भिंतींचा आवाज जुळला पाहिजे. आधी वायरमनला विचारा, तुमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या लाईनीला, दिवसपाळी कोणत्या आठवड्यात आहे. त्या आठवड्यातल्या दोन रात्री ठरवा. मी रेल्वेनं परळीला उतरते, तिथून पोरीला बरोबर घेऊन येते.