व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून कॅपॅसिटर फुगायलेत, मशीनला करंट पण येतोय, दोन्हीला अर्थिंगच कारण का?

डाळमिल_लातूर:
नमस्कार मंडळी. लातूरला डाळ मिल आहे, एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर स्वतःचा. मोटारींना व्हीएफडी बसवल्यापासून एपीएफसी पॅनलमधले (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनल) कॅपॅसिटर फुगायलेत, पीएफ म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८८ च्या वर जाईना आन बिल केव्हीएएचवर येतं, पीएफ कमी तर युनिट जास्त, त्यामुळं सरळ खिशाला चाट. त्यात उन्हाळा लागल्यापासून एलेव्हेटरच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, हमाल तिकडं जायला तयार नाहीत. अर्थिंगच्या पिटात (खड्ड्यात) पाणी ओतलं की थोडे दिवस बरं. इलेक्ट्रिशियन म्हणतो अर्थिंगमुळंच कॅपॅसिटर जायलेत, दोन पिट नवीन मारा. खरंय का?

पॅनलवाला_जालना:
दादा, ही दोन दुखणी वेगळी आहेत. आधी तो एलेव्हेटर बंद ठेवा, माणूस महत्त्वाचा, बिलाचं नंतर बघू.

कॅपॅसिटर जातात ते हार्मोनिक्सनी, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटांनी. व्हीएफडी पाचवा, सातवा हार्मोनिक सोडतो, म्हणजे २५० आणि ३५० हर्ट्झ, आणि तुमचे कॅपॅसिटर ट्रान्सफॉर्मरसोबत त्याच्या आसपास रेझोनन्सला आले (त्याच फ्रिक्वेन्सीला जुळले) की करंट वाढून ते तापतात, फुगतात. ७ टक्के डीट्यून्ड रिअॅक्टर (रेझोनन्स टाळायला कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये लावायची कॉइल) लावा, पण जुन्या ४४० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर लावू नका, रिअॅक्टरमुळं त्यांच्यावर ४७३ च्या आसपास व्होल्टेज येतं. ५२५ व्होल्टचे घ्या. आणि इथंच बरेच जण फसतात, ५२५ चा २५ केव्हीएआर क्षमतेचा कॅपॅसिटर ४४० वर रिअॅक्टरसकट १९ च्या आसपासच देतो, त्यामुळं जुन्याच्या जागी तेवढाच बसवला तर पीएफ परत कमीच दिसणार.

जिनिंग_परभणी:
अर्थिंगचं मी सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो, हे खरंच. पण पाणी ओतल्यावर फरक पडतो म्हणजे बॉडी नुसत्या त्या पिटाच्या भरवशावर असणार, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल अर्थपर्यंत अर्थिंगची धातूची पट्टी सलग नसावी. हिशोब करून बघा, फॉल्टच्या वाटेत दोन्हीकडचे पिट मिळून ८ ओहम धरले तर २३० व्होल्टला २९ अँपिअरच वाहतात, १०० अँपिअरचा एमसीसीबी (ब्रेकर) ढिम्म हलणार नाही आणि बॉडी जिवंतच राहील. चार पिट मारले तरी हे सुटत नाही हो, फॉल्टला परत जायला धातूचीच वाट पाहिजे. सप्लाय बंद करून पट्टीचा एकेक जॉइंट बघा, लगखाली (जोडणीच्या कडीखाली) रंग असतो तो खरवडा, आणि मशीनच्या पॅनलमध्ये कुणी न्यूट्रल-अर्थ एक केलंय का तेही बघा.

डाळमिल_लातूर:
भाऊ, बरोबर निघालं. एलेव्हेटरच्या पायाशी भुशाखाली जीआय पट्टीचा जॉइंट गंजून सुटलाय. वेल्डिंगवाल्याला बोलावलंय. रिअॅक्टरचं कोटेशन मागवू का?

पॅनलवाला_जालना:
वेल्डिंग झालं की जॉइंटला झिंक पेंट मारा, आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत कंटिन्युइटी (पट्टी सलग जोडली आहे का ते) मोजल्याशिवाय मशीन चालू करू नका. कोटेशनच्या आधी पॉवर अॅनालायझर (हार्मोनिक्स मोजायचं मीटर) लावून फुल लोडवर रीडिंग घ्या, कॅपॅसिटर चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा. रीडिंग इथं टाका.