छोट्या शाळेचा निकाल टक्क्यांत मांडायचा का?

खडूफळा
सहावी ते आठवी मिळून चाळीसभर पट असलेल्या सरकारी शाळांचे निकाल हल्ली शाळा व्यवस्थापन समितीपुढे टक्क्यांत मांडले जातात, वर प्रवर्गनिहाय, म्हणजे जातीच्या गटांनुसार फोड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगलेकडच्या अशा शाळांपुरतं माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही बंद करावं.

वर्गाचा पट ९ असेल तर एक पोरगं म्हणजे ११.१ टक्के. शिष्यवृत्ती परीक्षेचे दोन्ही पेपर १५० गुणांचे आणि पात्र व्हायला प्रत्येकात ४० टक्के, म्हणजे ६० गुण हवेत. एकात १००, दुसऱ्यात ५८ मिळवणारी मुलगी अपात्र. तेवढ्यानं शाळेचा निकाल ११ टक्क्यांनी घसरतो आणि बैठकीत गुरुजींना जाब विचारला जातो. प्रवर्गात तीनच मुलं असली की निकाल शून्य, ३३, ६७ किंवा १०० यातलाच काहीतरी येणार. शिवाय ती तीन मुलं कुणाची, हे सगळ्या गावाला माहीत असतं. ही आकडेवारी म्हणायची की चावडीवरची चर्चा?

रंकाळ्याचा वारा
टक्के नकोत, मान्य. पण फोड बंद केली तर सगळ्यात जास्त सोय कुणाची होईल? जी शाळा शिष्यवृत्तीला निवडक पोरंच बसवते तिची. पट १४, बसवले ५, पात्र ४. फलकावर ‘निकाल ८० टक्के’. पटाशी भागा, २८.६ येतात. उरलेली नऊ कोण, हे फोडीशिवाय कळणार कसं? यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीला, लिंग, प्रवर्ग, दिव्यांगत्व सगळं भरतोच की आपण, मग बघायलाच का लाजायचं?

लहान पटावर इलाज आहे. तीन वर्षं एकत्र करा. ९, १४ आणि ११ मिळून ३४ मुलं झाली की एका मुलाचं वजन ३ टक्क्यांच्या आत येतं. दहापेक्षा कमी मुलांच्या गटाला टक्के लावायचेच नाहीत, नुसती संख्या लिहायची आणि तीही मुख्याध्यापकांच्या कपाटात. फलकावर नाही.

गुऱ्हाळ
तुम्ही दोघं जातीवर अडलाय. कोल्हापूर जिल्ह्यात पटाची खरी फोड हंगामावर होते. सुरुवातीची पायाभूत चाचणी पावसाळ्यात, वर्षअखेरची ‘संकलित २’ एप्रिलमध्ये. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीच्या आसपास येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, गाळप थांबलं की परततात. म्हणजे दोन्ही चाचण्यांना ती वर्गात नाहीत, पण हंगामभर आहेत. शिक्षण हमी पत्रक घेऊन आलं तरच मागच्या शाळेत कुठपर्यंत शिकलंय याचा अंदाज येतो. बहुतेकदा ते पत्रक गावाकडच्या पेटीत राहिलेलं असतं.

त्यात संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, धरतात ३० सप्टेंबरचा पट, तोही आधार वैध असलेला. नोव्हेंबरात आलेली आठ पोरं शिकवायची सगळी, मोजायला एकही नाही.

म्हणून प्रगती बघायची तर दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या त्याच मुलांचे गुण समोरासमोर ठेवा. नंतरच्या सरासरीतून आधीची सरासरी वजा करणं चूक आहे, कारण मधल्या काळात मुलंच बदललेली असतात. हंगामी मुलांची यादी वेगळी करा. आल्याच्या आठवड्यात वाचन आणि भागाकार तपासा, जायच्या आधी तेच परत.

शिरोली फाटा
ऊसतोडीबरोबर फाउंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखानेही धरा. एमआयडीसीलगतच्या शाळांत घरी हिंदी बोलणारी मुलं सहावीत थेट दाखल होतात आणि गणितात कच्ची म्हणून त्यांच्यावर शिक्का बसतो. आधी हे करून बघा. ‘२४० चे १५ टक्के’ नुसतं आकड्यांत द्या. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी तोंडी, सोप्या हिंदीत. तिसऱ्या दिवशी छापील मराठीत: ‘२४० रुपयांच्या वस्तूवर शेकडा १५ सूट, तर सूट किती रुपयांची?’ दर वेळी आकडे बदला, नाहीतर उत्तर पाठ होतं. पहिली दोन बरोबर आणि तिसरं चूक असेल तर जादा तास मराठी वाचनाचा लावा. पहिल्यालाच अडलं तर गणिताचा. घरच्या भाषेचा रकाना नसेल तर हा फरक कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

खडूफळा
हे पटलं. हजेरी, शाळेत कुठल्या इयत्तेत आलं, घरची भाषा, या तीन रकान्यांवर शिक्षकाला काही करता येतं. प्रवर्गाच्या रकान्यावर तो काय करणार?

रंकाळ्याचा वारा
अर्ज भरणार! केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती घ्या. आठवीत परीक्षा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर मिळून १८० गुण. पात्रतेला ४० टक्के म्हणजे ७२ लागतात, पण अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के, म्हणजे ५८ गुण पुरतात. सरावात ६० मिळवणाऱ्या मुलाला ‘याचं काही होत नाही’ म्हणून वगळलं तर चार वर्षांचे ४८,००० गेले. पात्र झालं म्हणजे शिष्यवृत्ती लागलीच असं नव्हे, पुढं कोटा आणि गुणवत्ता यादी आहेच. पण बसवलंच नाही तर प्रश्नच मिटला.

खडूफळा
ती अर्जाची यादी झाली, ठेवा की रजिस्टरला. समितीपुढे कशाला?

गुऱ्हाळ
समितीपुढे एक गोष्ट आधी यायला हवी, ती कुणीच काढत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टात सहावी ते आठवीला तीन शिक्षक सांगितलेत: गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात या वर्गांचा पट २० च्या खाली गेला की नियमित पदच नाही. मग बीजगणित शिकवतं कोण? पाचवीपर्यंतचे गुरुजी, स्वतःचे वर्ग सांभाळून. मुलांची जात आणि भाषा लिहिण्याआधी तक्त्याच्या पहिल्या रकान्यात लिहा: गणिताचा शिक्षक वर्षातले किती महिने होता.

रंकाळ्याचा वारा
लिहा की, पण शेवटचा, प्रवर्गाचा रकाना खोडू नका. शिक्षक नसल्याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. ज्यांना परवडतं ते क्लास लावतात नाहीतर गाडी करून कोल्हापुरात जरगनगरच्या मनपा शाळेत पाठवतात. मागं राहिलेली कोण, हे त्या रकान्यातच सापडेल.

खडूफळा
त्याला उत्पन्नाचा रकाना पुरेल. प्रवर्ग नको, माझं मत तेच आहे.