अडीच लाखांची सायकल खरोखर तेवढ्या मोलाची असते का?

पूर्वद्रुतगती (मुलुंड):

नमस्कार. माझे वय ४१, वजन ७४ किलो. २०२१ साली अठ्ठावीस हजारांची अॅल्युमिनियमची हायब्रिड सायकल घेतली आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस पहाटे ती चालवतो. रविवारी पूर्व द्रुतगती मार्गाने निघून सायन, दादर, लालबाग असे करीत मरीन ड्राइव्ह गाठतो आणि ऊन चढायच्या आत परततो. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरच्या आसपास होतात. येत्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करण्याचे मनात आहे.

गेल्या महिन्यात एका दुकानात कार्बन फ्रेमची रोड सायकल पाहिली. शिमानो १०५ चा इलेक्ट्रॉनिक ग्रूपसेट (गिअर, चेन, ब्रेक अशा भागांचा संच), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, वजन साडेआठ किलो आणि किंमत दोन लाख साठ हजार. माझी सायकल तेरा किलोंची आहे. दुकानदाराने मागच्या गल्लीत दोन फेऱ्या मारू दिल्या आणि तेव्हापासून ती सायकल डोक्यातून जात नाही. मात्र घर सोडले तर एवढी रक्कम मी आजवर कशावरही एकरकमी खर्च केलेली नाही, त्यामुळे पाऊल पुढे पडत नाही.

माझ्या अडचणी दोन आहेत. परतताना विक्रोळीच्या पुढे समोरून वारा आला की वेग अठरावर उतरतो. दुसरे म्हणजे तिसेक किलोमीटर झाले की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते; मरीन ड्राइव्हला चहाचा ग्लास धरतो तेव्हा ती बोटे आपली वाटतच नाहीत. महागड्या सायकलीने यांतले काय सुटेल आणि काय सुटणार नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

घाटवाट (कल्याण):

आपण वजने दिली आहेत, तेव्हा आधी हिशेबच करू. आज आपण आणि सायकल मिळून ८७ किलो होता, नव्या सायकलीवर साडेब्याऐंशी व्हाल. फरक साधारण पाच टक्के. खोपोलीहून खंडाळ्याचा चढ चढायला आपल्याला एक तास लागत असेल, तर तेवढ्याच ताकदीने नव्या सायकलीवर तीनेक मिनिटे आधी पोहोचाल. घाटात तीन मिनिटे कमी नसतात, हे मी मान्य करतो. पण मुलुंड ते मरीन ड्राइव्ह या मार्गावर चढ म्हणजे फार तर उड्डाणपूल, आणि सपाटीवर एकदा वेग धरला की वजनाचा संबंध जवळजवळ संपतो. तिथे झगडा असतो तो वाऱ्याशी. हवेला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी २० वरून २५ वर जायचे तर तेवढ्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. आणि त्या हवेला अडवणारा मोठा भाग सायकल नसून आपण स्वतः असतो, ढोबळमानाने तीन चतुर्थांश.

म्हणून विक्रोळीच्या वाऱ्यावर उपाय शोधायचा तर तो कार्बनमध्ये नाही, बसण्याच्या पद्धतीत आहे. हायब्रिडच्या सरळ हँडलवर आपली छाती शिडासारखी उभी असते. रोड सायकलच्या वळलेल्या हँडलवर कोपरे वाकवून खाली जाता येते आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. हा फायदा खरा आहे, मात्र तो लाखाच्या आसपासच्या अॅल्युमिनियम सायकलवरही तितकाच मिळतो. अॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि तारेवर चालणारा टियाग्रा किंवा १०५ ग्रूपसेट, एवढे असले म्हणजे ब्रेव्हेसाठी कशाचीही उणीव राहत नाही.

शिमानोच्या रोड ग्रूपसेटची चढण क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्यूरा-एस अशी आहे. क्लॅरिसपासून १०५ पर्यंत प्रत्येक पायरीवर ब्रेक लिव्हरची पकड, गिअर बदलण्यातला नेमकेपणा आणि मागच्या चकत्यांची संख्या यांत हाताला जाणवणारी सुधारणा होते. १०५ च्या वर मात्र आपण मुख्यतः काही ग्रॅम आणि झळाळी विकत घेतो. मी स्वतः दोन्ही वापरले आहेत आणि डोळे बांधून चालवायला दिले तर १०५ आणि अल्टेग्रा यांतला फरक मला खात्रीने सांगता येणार नाही. ग्रॅमची ही ओढ कुठवर जाते पाहा: जागतिक सायकल महासंघाने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी नसावे असा नियम ठेवला आहे, म्हणजे व्यावसायिक स्पर्धकही त्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही. आपल्यासारख्यांनी पोटावरचे दोन किलो उतरवले तर तेच काम फुकट होते आणि तब्येतीलाही बरे.

ब्रेव्हेबद्दल एक सांगतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर, नियंत्रण-ठाण्यावरचा शिक्का असे सगळे धरून सरासरी ताशी पंधराच्या आतच बसते. माझी पहिली ब्रेव्हे मी आपल्यासारख्याच हायब्रिडवर केली आणि अखेरच्या पन्नास किलोमीटरांत मला छळले ते सायकलच्या वजनाने नव्हे, खोगिराने.

फिजिओ_माहीम:

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि सायकलही चालवते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, नेमकी हीच दोन बोटे बधिर होणे ही सायकलस्वारांमधली ठरलेली तक्रार आहे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नार नस हँडलवर दाबली जाते, हे त्याचे नेहमीचे कारण. शरीराचा भार हातांवर जास्त येत असला की असे होते, आणि भार हातांवर का येतो तर खोगीर पुढे झुकलेले असते, हँडल फार लांब किंवा फार खाली असते, किंवा सरळ हँडलमुळे चार तास तळहात एकाच जागी टेकलेला असतो. नव्या सायकलची मापे चुकली, तर दोन लाख साठ हजार मोजूनही बोटे अशीच बधिर होतील, कदाचित लवकर होतील, कारण रोड सायकलवर माणूस अधिक पुढे वाकतो.

आधी जाणकाराकडून बाइक फिट करून घ्या, म्हणजे खोगीर आणि हँडल आपल्या शरीराच्या मापाने बसवून घ्या. त्याचा खर्च सायकलच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि त्यातून मिळालेली मापे उद्या कोणतीही सायकल निवडताना उपयोगी पडतील. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही काही तास टिकत असेल किंवा मूठ आवळताना जोर कमी वाटत असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

ग्रीस_आणि_छर्रे (दादर):

मी एकवीस वर्षे सायकलदुरुस्ती करतो. माझ्याकडे चार लाखांच्या सायकली येतात आणि पाव विकणाऱ्यांच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीही येतात, म्हणून मुंबईपुरते माझे मत स्पष्ट आहे: किंमत वाढते तसा टिकाऊपणा वाढतो, हा समज चुकीचा आहे. काळ्या सायकलचा ब्रेक लोखंडी सळ्यांवर चालतो, तिचे छर्रे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळतात आणि ती बारा महिने उघड्यावर उभी असते. महाग सायकल ही हलकी आणि नेमकी असते, आणि नेमक्या वस्तूला जपावे लागते.

आपल्या शहराची हवा खारी आणि दमट आहे. गेल्या वर्षी समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत ठेवलेली एक सायकल आली, फ्रेम कार्बनची आणि सीटपोस्ट, म्हणजे फ्रेममध्ये उतरणारी खोगिराखालची नळी, अॅल्युमिनियमचा. कार्बन आणि अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम गंजून फुगते. तीन पावसाळे तो सीटपोस्ट कुणी बाहेरच काढला नव्हता. मी दोन दिवस तेल सोडले, बर्फ लावला, पिळून पाहिले. शेवटी वरचा भाग कापून टाकून आतून करवतीच्या पात्याने उभी चीर पाडत नळी काढावी लागली. एवढ्या वेळात पाते फ्रेमला लागते की काय या धास्तीने मालक स्टुलावर बसून होते. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, सीटपोस्ट काढून पुसून कार्बन पेस्ट लावली असती तर दहा मिनिटांचे काम होते.

दुसरी गोष्ट चेनची. आठ गिअरची चेन थोडी ताणली गेली तरी चालवून घेते. बारा गिअरची चेन अर्धा टक्का ताणली गेली की बदलायची असते, नाहीतर ती मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, खाते, आणि बारा गिअरच्या कॅसेटची किंमत ऐकून माणसे खुर्चीत बसतात. पावसात चालवून आल्यावर चेन त्याच दिवशी धुऊन, पुसून, तेल देणार असाल तरच अशी सायकल घ्या. कार्बनची फ्रेम पडली तर तडा बाहेरून दिसेलच असे नाही. नाण्याने ठोकल्यावर आवाज बद्द आला तर संशय घ्यायचा, पण आवाज चांगला आला म्हणून निर्धास्त राहायचे नाही. आणि मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, जो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो खरेदीच्या दिवशीच एक जादा मागून घ्या. एवढ्याशा तुकड्यासाठी लाखमोलाच्या सायकली माझ्याकडे महिना महिना टांगून राहिल्या आहेत.

पैसे कशावर घालावेत असे विचाराल, तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि चांगले टायर. पावसात रिमवरचे रबरी ब्रेक पहिले काही क्षण नुसते पाणी पुसत बसतात, आणि सिग्नलला अचानक बस थांबली तर आपल्याकडे तेवढेच क्षण असतात.

पहाटफेरी (विलेपार्ले):

वरील सर्वांचे म्हणणे मला पटते, तरी मी वेगळी बाजू मांडतो. मी ६४ वर्षांचा आहे. निवृत्तीच्या वेळी तीन लाखांची कार्बन सायकल घेतली, वेगासाठी नव्हे. सहा वर्षांत तिच्यावर बेचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत, म्हणजे मूळ किंमत किलोमीटरमागे सात रुपयांच्या आसपास पडली, देखभाल वेगळी. आरेच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला ती चालवताना तिचा आवाजच येत नाही. पक्षी ऐकू येतात, आणि काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे ३२ मिलिमीटरच्या टायरवरून जाताना पूर्वीसारखे मनगटात ठणकत नाहीत. पूर्वीची सायकल मी आठवड्यातून दोनदा बाहेर काढत असे. हिच्यावर रोज जावेसे वाटते, आणि रोज गेल्यामुळे माझी साखर ताब्यात आली. तो फायदा ग्रॅम आणि टक्क्यांत बसत नाही, पण तो मला या सायकलीनेच दिला.

मात्र हे मी मुलांची शिक्षणे संपल्यावर केले. आपल्या वयात, कर्जाचे हप्ते चालू असताना, मी ते केले नसते. आणि रात्री ती घरातच ठेवावी लागेल हे लक्षात घ्या. आमच्या बैठकीच्या खोलीत तिने एक खुर्ची कायमची हलवली आहे, आणि त्याला घरच्यांची संमती मी आधी घेतली होती.

पूर्वद्रुतगती (मुलुंड):

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात फिजिओताईंचा सल्ला पाळून बाइक फिट करून घेतली. खोगीर पुढच्या बाजूला चांगलेच झुकलेले निघाले आणि अठरा मिलिमीटर खालीही होते. चार वर्षे मी तसाच चालवत होतो. हँडलच्या टोकांना बार-एंड (पुढे वळलेल्या छोट्या मुठी) बसवले, त्यामुळे हात दोन ठिकाणी ठेवता येतात. गेल्या रविवारी करंगळीला मुंग्या आल्या, पण साठाव्या किलोमीटरला, आणि हात झटकल्यावर गेल्या.

कार्बनची सायकल सध्या घेत नाही. पहिली ब्रेव्हे याच सायकलवर करीन आणि त्यानंतर वाटले तर घाटवाट यांनी सांगितली तशी अॅल्युमिनियमची रोड सायकल पाहीन. पहाटफेरी काका, आपले म्हणणे मी वहीत लिहून ठेवले आहे. मुलीचे शिक्षण संपायला अजून आठ वर्षे आहेत.

आता एकच शंका. टायर बदलायचे आहेत, सध्या जुने कडक ३५ मिलिमीटरचे आहेत. २८ घ्यावेत की ३२?

ग्रीस_आणि_छर्रे (दादर):

३२ घ्या, आणि बाजू मऊ असलेले घ्या; कडक टायर गुळगुळीत रस्त्यावरही जास्त ताकद खातो. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी भरू नका, आपल्या वजनाला साठ-पासष्ट पीएसआय पुरे, मागे थोडी जास्त, पुढे थोडी कमी. ब्रेव्हेला दोन ट्यूब सोबत ठेवा आणि चाक काढून बसवण्याचा सराव आधी घरी, अंधारात, एकदा करून पाहा.