मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळी: पुनर्विकासात टॉवरमध्ये गेल्यावर चाळ उरते का?

चाळकरी: चाळीतल्या 160 स्क्वेअर फुटांच्या खोलीतून 500च्या फ्लॅटमध्ये आलो पण दारं कायम बंद, पॅसेजमध्ये कोणी बसत नाही. बाबा म्हणतात आपली माणसं संपली. खरंच का?

आठवा_मजला: बाबांना विचारा, कॉमन संडासाच्या रांगेत रात्री बायका कशा जायच्या? आणि कोणाची मुलगी किती वाजता घरी आली याचा हिशोब ठेवणारी पण आपलीच माणसं ना! मला तर सुटल्यासारखं वाटतं.

निळा_झेंडा: दादा, सगळे एक होते कधी? 1974 ला याच चाळींत दलित-सवर्ण दंगल पेटलेली. आमच्यासाठी समाज म्हणजे 14 एप्रिल, तुमच्यासाठी गणपती मंडळ. शेजार होता, ते मान्य.

चाळकरी: हे बाबा कधी बोललेच नाहीत.

लिफ्टबंद: मेंटेनन्सच्या मीटिंगला या, सगळे भेटतील, भांडायला 😀