क्राफ्लाचं ड्रिल

भूकंपलहरींवरून काढलेलं चित्र म्हणजे ज्वालामुखीचा सीटी स्कॅन, ही उपमा मला अर्धीच पटते. स्कॅनमध्ये यंत्र पेशंटभोवती फिरतं. इथे भूकंप होईल तिथूनच लहर येणार आणि आपले भूकंपमापक फक्त वर जमिनीवर, त्यामुळे काही कोपरे अंधारातच राहतात. शिवाय सेकंदाला ३ किमी वेगाची, ५ हर्ट्झची लहर घेतली तर तिची लांबीच ६०० मीटर भरते. त्याहून लहान मॅग्माचा (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा) साठा चित्रात पुसट होतो किंवा सरळ हरवतो.

आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. १९७५ ते १९८४ च्या उद्रेककाळात एस लहरी (भूकंपलहरींचा एक प्रकार, जो द्रवातून जात नाही) कुठे गायब होतात हे पाहून मॅग्मा साधारण ३ किमीखाली असावा असं ठरलं होतं. २००९ मध्ये साडेचार किमीचं भोक पाडायला निघालेलं ड्रिल २१०० मीटरवरच अडकायला लागलं. पाण्याबरोबर वर आलेल्या चुऱ्यात ताज्या काचेचे तुकडे निघाले! साधारण ९०० अंशांचा रायोलाइट (सिलिका जास्त असलेला) मॅग्मा ड्रिलच्या गार पाण्याने जागीच गोठला होता. आधीच्या कुठल्याच चित्रात तो नव्हता. जमीन वीज कुठे चांगली वाहते यावरून मॅग्मा शोधणाऱ्या विद्युत मोजमापाचीही वेगळीच गोची आहे, कारण मॅग्मासारखी चिकणमाती आणि गरम खारं पाणीही वीज चांगली वाहून नेतात. क्राफ्लाच्या त्या विहिरीतून पुढे ४५० अंशांची वाफ निघाली, हा मात्र बोनस.